आतोबांची मागणी

आमचे आतोबा पूर्ण जागे आहेत असं छातीवर हात ठेवून सांगेल असा माणूस भोर तालुक्यात नाही, आणि शेजारच्या वेल्ह्यातही नाही. डोळे उघडे असतात, पाय चालत असतात, हातातला विळा आपलं काम बिनचूक करत असतो. पण स्वतः आतोबा कुठंतरी लांब, धरणाच्या पाण्यावर सकाळी जे धुकं बसतं त्याच्याही पलीकडे, कुणाशी तरी निवांत बोलत बसलेले असतात. आपण हाक मारली की ते तिथून निघतात. वाटेत दोन ठिकाणी टेकतात, आणि आपल्यापर्यंत येऊन पोचतात तोवर हाक कशासाठी मारली होती ते आपणच विसरलेले असतो. नात्यानं ते माझ्या बायकोच्या आत्याचे यजमान, म्हणजे तिचे आतोबा; आणि बायकोचं जे ते आपलं या न्यायानं माझेही आतोबा. हिर्डोशीला एस.टी.तून उतरून तासभर डोंगर चढलं की जी वाडी लागते, तिथं त्यांची भाताची सहा खाचरं आहेत, पायऱ्यांसारखी एकाखाली एक. मी भोरच्या शाळेत चित्रकला शिकवतो. या धंद्यामुळं माणसं निरखत बसायची खोड जडते. पण आतोबांचं चित्र मला कधी जमलं नाही. नाक, मिशा, डोक्यावरची चुरगळलेली टोपी, सगळं कागदावर उतरतं. आणि बघावं तर आतोबा त्यात नसतात.

लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत मी त्यांच्या वाडीला गेलो होतो. बोलायला विषय हवा म्हणून विचारलं, "यंदा भात कसं आहे?" आतोबांनी माझ्याकडे बघितलं, प्रेमानं हसले आणि समोरच्या डोंगराकडे बघू लागले. दोन दिवस राहिलो, उत्तर नाही. आपलं काहीतरी चुकलं, जावयानं पहिल्याच भेटीत शेतीची चौकशी करणं यांच्यात वाईट समजत असतील, असं मनाशी घोकत परत आलो. भाऊबीजेला ते आमच्याकडे आले. चपला काढल्या, पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि म्हणाले, "बरं हाय. खालच्या खाचरात जरा किडीनं खाल्लंय." मी बावचळून उभा. आतून बायको म्हणाली, "गणपतीतलं उत्तर आहे ते. घ्या ठेवून." आत्याबाई तर या बाबतीत इतक्या मुरलेल्या की त्या प्रश्न आधीच विचारून ठेवतात. लग्नाचं आमंत्रण आलं की महिनाभर अगोदर विचारायचं, येणार का. म्हणजे लग्नाच्या सकाळी उत्तर हाताशी असतं. "ह्यांच्यासंगं संसार म्हंजी टपालखात्याशी संसार," त्या म्हणतात. "पत्र पोचतं बगा. हरवत न्हाई. पन कवा, ते इचारायचं न्हाई." आत्याबाई स्वतः दोघांच्या वाट्याचं जागतात. घरात जे काही वेळेवर होतं ते त्यांच्यामुळं होतं, आणि जे काही शांतपणे होतं ते आतोबांमुळं.

एस.टी.त बसले की आतोबांचं उरलंसुरलं भानही कंडक्टरच्या स्वाधीन होतं. एकदा आत्याबाईंचा मोडका चष्मा दुरुस्त करून आणायला ते भोरला निघाले. गाडी पुढं पुण्याला जाणारी होती. भोर आलं आणि गेलं. जाग आली ती नसरापूरला. उतरले, समोर एक गाडी सुटायच्या बेतात होती, ती परत भोरला जात असणार असं धरून तीत बसले, आणि पुन्हा ज्यांच्याशी बोलणं अर्धवट राहिलं होतं त्यांच्याकडे गेले. ती गाडी वेल्ह्याची. विंझरला कंडक्टरनं त्यांना खांद्याला धरून खाली उतरवलं. रस्त्याच्या कडेला एका खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. आतोबांनी पाणी मागितलं, पाणी पिता पिता बघितलं की माणसं कमी आहेत, आणि तांब्या खाली ठेवून पेंढी उचलली. तुम्ही कोण, कुठले, हे विचारायचं त्या लोकांना संध्याकाळी जेवताना सुचलं. इकडे आत्याबाईंनी अर्धा तालुका शोधून काढला. तिसऱ्या दिवशी फोन आला, "तुमचा मानूस आमच्याकडं हाय. जेवतोय बरा. न्यायला येता, का झोडणी उरकल्यावर लावून देऊ?" आतोबा चौथ्या दिवशी परतले, खिशात चष्मा तसाच मोडका, आणि खांद्यावर विंझरकरांनी दिलेली तांदळाची पिशवी. आजही त्या घरातल्या प्रत्येक कार्याला आतोबांना पहिलं आमंत्रण असतं. त्यांनी ओळखी अशाच जोडल्या, चुकीच्या गाडीत बसून.

एकाच गोष्टीत हा माणूस डोळ्यांत तेल घालून जागा असतो, ती म्हणजे तांदूळ. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की वास घेऊन ते सांगतात, हा डोंगराच्या कुठल्या अंगाचा, पाणी वाहतं होतं की साचलेलं, आणि कापणीला दोन दिवस घाई झाली का. आमच्या घराच्या वास्तुशांतीला गडबडीत मी दुकानातून चकचकीत पाकिटातला तांदूळ आणला होता. पंगत बसली. आतोबांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि पानातल्या भाताकडे बघून फार हळुवारपणे म्हणाले, "ह्यो हितला न्हाई. लई लांबनं आलाय बिचारा." त्या 'बिचारा'नं मला असं काही वाटलं की जणू मी कुणाच्या तरी लहान पोराला वाट चुकवून घरी आणलंय. तेव्हापासून आमच्याकडे आतोबांच्याच खाचरातला इंद्रायणी येतो.

आणि दोन वर्षांपूर्वी नेमकं त्याच्यावरच आलं. कार्तिक लागला होता, भात पिवळं झालं होतं, विळ्यांना धार लावून झाली होती, आणि परतीचा पाऊस तीन दिवस तिथंच बसला. भोरच्या डोंगरात आणि वेल्ह्याच्या खोऱ्यात उभं भात चटईसारखं आडवं झालं, पाण्यात राहिलं, आणि लोंबीतल्या लोंबीत दाण्यांना कोंब फुटले. कचेरीची माणसं आली, पंचनामे झाले, फोटो झाले, सह्या झाल्या. सरकारनं अनुदान जाहीर केलं. वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत आलं. मग अक्षरं लहान होत गेली आणि पुढं येईनाशीच झाली. होळी गेली, लावणी गेली, दुसरं भात निसवायला, लोंब्या धरायला आलं. अनुदान काही आलं नाही.

सगळा दोष सरकारला द्यावा तर सरकार जागेवर हवं ना. त्या दिवसांत मुंबईत असं चाललं होतं की कोण कुठल्या पक्षात आहे हे ज्याचं त्यालाही सकाळी वर्तमानपत्र उघडल्यावरच कळावं. आमदार रात्री एका बाजूला निजत आणि दुसऱ्या बाजूला उठत. आमच्या भागातला पक्षही मधोमध दुभंगला होता. कालपर्यंत एका व्यासपीठावर एकाच हारात मान घालणारे दोन पुढारी आता एकमेकांच्या सावलीला उभे राहीनात. एकाची गाडी पांढरी, दुसऱ्याची काळी. नावं सांगण्यात अर्थ नाही. लोकही त्यांना गाडीच्याच रंगानं ओळखत. शेवटी भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्यांनी ठरवलं की भोरच्या तहसील कचेरीसमोर धरणं धरायचं, आणि फलक रंगवायचं काम नात्यानं माझ्या गळ्यात पडलं. मास्तरकी सांभाळून लपूनछपून करायचं म्हणून मी अक्षराचं वळण बदललं; तरी मुख्याध्यापक जाता जाता म्हणाले, "भाताचा 'भ' छान जमलाय हो तुमचा."

फलकाची खरी अडचण वेगळीच होती. 'अमुक मंत्री, जागे व्हा' असं लिहायचं होतं, आणि मंत्रीच ठरेना. एक नाव रंगवलं, वाळायच्या आत ते खातं दुसऱ्याकडे गेलं. पांढरा रंग मारून दुसरं नाव लिहिलं, तर दुसरे रुसून घरी बसल्याची बातमी आली. आतोबा माझ्या ओट्यावर बसून हे बघत होते. तिसऱ्यांदा मी डबा उघडला तेव्हा ते म्हणाले, "जावईबापू, नाव नका लिवू. नुसतं 'साहेब' लिवा. साहेब कुनीतरी असतोच." तसंच लिहिलं. तो फलक शेवटपर्यंत टिकला.

धरण्याला आतोबा येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. पण आत्याबाईंनी श्रावणातच विचारून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी पांढऱ्या गाडीचे पुढारी घोषणा द्यायला उभे राहिले. "अनुदान आमच्या हक्काचं!" की सगळे ओरडत, "नाही कुणाच्या बापाचं!" घोषणा संपे, शांतता होई, पुढारी कपाळाचा घाम पुसायला रुमाल काढत, आणि त्या शांततेत एकटा, मृदू, कुणाला तरी झोपेतून उठवावं तसा आवाज येई, "...बापाचं." लोकांना वाटे नवी घोषणा सुरू झाली, आणि सगळे पुन्हा ओरडत. अशानं त्या दिवशी प्रत्येक घोषणा दुप्पट झाली आणि पुढाऱ्यांचा घसा दुपारीच बसला. मग कुणीतरी 'मुर्दाबाद' सुरू केलं. त्याला मात्र आतोबांनी साथच दिली नाही. मी शेजारीच होतो, विचारलं, का. हे उत्तर, नवल म्हणजे, त्याच संध्याकाळी मिळालं. "त्यो मेला तर पैसं कोन देनार?" आणि थोडं थांबून, "आन मरायचं कशाला कुनी."

तिसऱ्या दिवसापर्यंत मांडव दोन झाले होते; वरचं कापड विरळ, सावली काय ती चिंचेचीच. कचेरीसमोरच्या चिंचेच्या एका बाजूला पांढऱ्या गाडीचा, दुसऱ्या बाजूला काळ्या गाडीचा. भोरकर इकडे आणि वेल्हेकर तिकडे, अशी चक्क वाटणी झाली. एका तोंडानं मागायला आलेली माणसं एकमेकांकडे पाठ करून बसली. ध्वनिक्षेपक दोन, घोषणा दोन, आणि आत कचेरीत कुणालाच कुणाचं धड ऐकू येईना. आतोबा सकाळी आले आणि जिथं सावली होती तिथं, म्हणजे काळ्या मांडवात, जाऊन बसले. दुपारी ऊन फिरलं, तेव्हा उठून पांढऱ्या मांडवात गेले. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा काळ्या मांडवात. भोर तालुक्यातलं हे त्या हंगामातलं पहिलं जाहीर पक्षांतर, तेही दिवसातून दोनदा. काळ्या गाडीवाल्यांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, तुमचे पाहुणे नक्की कुणाचे?" मी म्हटलं, "चिंचेचे." त्यांना ते पटलं नाही. पण विंझरचे लोक आतोबांना ओळखत होते; चौथ्या दिवशी आतोबा उठले तसे त्यांच्यातले चार जण गप्पा मारत त्यांच्याबरोबर उठले. मग आठ उठले. दुपारपर्यंत दोन्ही मांडवांतली माणसं चिंचेच्या सावलीबरोबर हळूहळू सरकत होती, आणि रिकाम्या मांडवांत पुढारी तेवढे उन्हात राहिले.

हे त्यांना झोंबलं. काहीतरी जबरदस्त करायला हवं होतं. पांढऱ्या गाडीवाल्यांनी निरोप फिरवला, घरटी पायलीभर भात आणा, सरकारला नमुना दाखवायचाय. गेल्या सालचं पाण्यातून वाचलेलं, निवडून, वाळवून कणगीच्या तळाशी ठेवलेलं भात लोकांनी पिशव्यांतून, फडक्यांतून आणून टेम्पोत ओतलं. पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला टेम्पो कचेरीसमोरच्या रस्त्यावर उभा राहिला, फाळका उघडला आणि सगळं भात डांबरावर ओतलं गेलं. कॅमेरावाले धावले. काळ्या गाडीवाल्यांना आपण मागं पडतोय असं वाटलं असावं; त्यांनी कुणाला तरी रॉकेलचा डबा आणायला पिटाळलं. तेव्हा कुठं लोकांना कळलं की नमुना दाखवायचं राहिलं बाजूला, आता भात जाळणार होते. गर्दीतून एक विचित्र आवाज आला, कुणी ओरडलं नाही, नुसता श्वास आत घेतल्यासारखा. पण पुढं कुणी होईना.

आतोबा चिंचेला टेकून डोळे मिटून बसले होते. ते उठले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी झटकन उठताना बघितलं नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, राशीपाशी गेले आणि बाजूला मांडी घालून बसले.

"बाबा, सरका तिकडं," काळ्या गाडीचे पुढारी दबक्या आवाजात म्हणाले, "कॅमेरा चालू आहे."

"हुंद्या चालू," आतोबा म्हणाले. लगेच. वाक्य संपायच्या आत. "ह्ये भात हाय. ह्येला न्हाई जाळायचं."

"अहो, हे आंदोलन आहे. प्रतीक म्हणून—"

"आंदोलन तुमचं. भात बायांनी निवडल्यालं हाय. हात लावू नगा." आवाज चढला नव्हता, पण त्यात असं काही होतं की रॉकेलचा डबा आणणारा डबा पाठीमागं धरून उभा राहिला. आतोबांनी डोक्यावरची टोपी काढली, उलटी धरली आणि तीत डांबरावरचे दाणे भरू लागले.

एका टोपीनं अख्ख्या टेम्पोची रास किती काळात उचलली जाईल याचं गणित कुणीही केलं असतं. आत्याबाईंनी ते केलं. "बसून काय बघताय? सुपं आना!" त्या गर्जल्या, आणि पदर खोचून पुढं झाल्या. बाया आल्या. कुणी पदरात भरू लागली, कुणी शेजारच्या घरांतून सुपं आणि केरसुण्या आणल्या. भोरकर एका बाजूनं आणि वेल्हेकर दुसऱ्या बाजूनं बसले आणि दाणे गोळा करत मध्ये येऊन भिडले. रस्ता अर्थातच बंद झाला. महाडकडे जाणारा मालट्रक थांबला, त्याच्यामागं एस.टी., तिच्यामागं रिक्षा. पहिली पाच मिनिटं हॉर्न वाजले. मग एस.टी.चा ड्रायव्हर काय झालंय बघायला उतरला आणि बघून तिथंच वाकला. कंडक्टर उतरला, प्रवासी उतरले. डांबराच्या बारीक भेगांत बसलेला दाणा काडीनं कसा काढायचा ते एक म्हातारी ट्रकवाल्याला शिकवत होती. ऊन होतं, वारा नव्हता, आणि दोन्ही ध्वनिक्षेपक गप्प होते. मला ते सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटत होतं. शेवटी कॅमेऱ्याचं तोंड आपल्याकडे वळत नाही असं बघून दोन्ही पुढाऱ्यांनाही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत गुडघे टेकावे लागले. वर्षभरात प्रथमच ते शेजारी शेजारी बसले.

त्या अडकलेल्या गाड्यांत एक जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांची होती. ते तिसऱ्याच कामाला निघाले होते. अर्ध्या तासानं उतरून चालत आले आणि बंदोबस्तावरच्या हवालदारांना विचारलं, "हा रास्ता रोको कुणी पुकारला?"

हवालदार वाकलेले होते. मूठभर दाणे हातात तसेच धरून ते सरळ झाले. "कुनी न्हाई साहेब. भात सांडलंय, ते भरून घ्यायला लागलेत."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. अटक करण्यासारखं कुणी दिसेना. मग मधोमध बसलेल्या टोपीवाल्या म्हाताऱ्यापाशी जाऊन ते उकिडवे बसले. "बाबा, तुमची मागणी काय आहे?"

आतोबांनी त्यांच्याकडे बघितलं, प्रेमानं हसले, आणि दाणे वेचू लागले. साहेब थांबले. सगळे थांबले. आत्याबाई पुढं झाल्या. "ते उद्या सांगतील, साहेब. तुमास्नी आजच पायजे आसंल तर माज्याकडनं घ्या. भात आडवं झालं त्याला वरीस होत आलं. पंचनामा झाला, सया झाल्या. पैसं मंजूर झालं म्हनून पेपरात आलं. इचारायला गेलं की म्हनत्यात, मंत्री बदलला. मंत्री बदलला म्हनून आमचं पडल्यालं भात उभं ऱ्हायलं का?"

साहेबांनी पायाशी पडलेला एक दाणा उचलून टोपीत टाकला. उठले आणि कचेरीत गेले. तासाभरानं कळलं ते असं, की यादी तयार होती, तिथंच कपाटात होती. वरून विचारणा आली की पाठवायची म्हणून खालचे थांबले होते, आणि खालून यादी आली की विचार करायचा म्हणून वरचे थांबले होते. ती त्या दुपारी साहेबांच्या समोर बांधून रवाना झाली. भात पुन्हा पिशव्यांत भरलं. कुणाचं कुठलं हे आता कळणं शक्य नव्हतं. ज्यानं त्यानं अंदाजानं नेलं, आणि बहुतेकांनी आपल्या वाट्याचं थोडं कमीच भरून घेतलं.

आतोबा आमच्याकडेच राहिले. सकाळी चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "चला, सायबास्नी सांगून येऊ."

"काय सांगायचं?"

"काल इचारलं न्हवतं का, मागनी काय म्हनून."

साहेब गेलेले होते. नायब तहसीलदार बाई होत्या, त्यांच्यासमोर आम्ही उभे राहिलो. बाई काहीतरी लिहीत होत्या; न बघताच म्हणाल्या, "बाबा, यादी गेली. आता काळजी करू नका."

"यादीचं न्हाई," आतोबा म्हणाले. "बाई, भात आडवं झालं तवा म्या बांधावर हुतो. लेकरावानी उभं केल्यालं, पान्यात निजलं. मग समदी आली. कुनी फोटू काढला. कुनी टेप लावला. कुनी सई घेतली, कुनी म्हनलं किती टक्के. पन बाई, कुनी 'आरारा' म्हनलं न्हाई." ते थांबले. "तेवडं कुनीतरी म्हनायला पायजे हुतं. तेवडीच मागनी."

बाईंचं पेन थांबलं. "मी आले होते बाबा तुमच्या वाडीला," त्या म्हणाल्या.

"व्हय. तुमीच फोटू काढला." त्यात तक्रारीचा लवलेश नव्हता, जुनी ओळख सांगावी तसे ते म्हणाले.

बाई खुर्चीतून उठल्या. टेबलावरच्या फायली, भिंतीवरचं घड्याळ, दारातला शिपाई यांच्याकडे एकदा बघितलं, आणि मग आतोबांकडे बघून अगदी हळू म्हणाल्या, "अरेरे." सरकारी कचेरीत तो शब्द यापूर्वी कधी उच्चारला गेला असेल असं मला वाटत नाही. आतोबांनी पोच घेतल्यासारखी मान हलवली. "आता बरं वाटलं," म्हणाले, आणि चालायला लागले. मीही त्यांच्या मागोमाग पायऱ्या उतरलो.

पैसे त्या वर्षीची दिवाळी झाल्यावर आले. आत्याबाईंच्या मोबाईलवर तशी खूण उमटली, त्यांनी ती आतोबांना दाखवली. त्यावर आतोबांचं म्हणणं काय ते अजून यायचंय. दोन्ही पुढारी आता पुन्हा एका पक्षात आहेत असं ऐकतो. नक्की सांगत नाही, आज सकाळचं वर्तमानपत्र मी वाचलेलं नाही.

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी वाडीला गेलो होतो. भात पिकलं होतं, कापणी दोन दिवसांवर आली होती. आत्याबाई म्हणाल्या, "ह्यांचे कान गेलेत बगा. कानाशी बोललं तर कळतं, पन बारीक काय येत न्हाई." म्हटलं, यांना तसंही कुठं ऐकू येत होतं. पण त्या हसल्या नाहीत. "खाचरात हायत. सकाळधरनं उभं हायत."

आतोबा सगळ्यात वरच्या खाचराच्या बांधावर होते. दुपार कलली होती, खाली धरणाचं पाणी स्वस्थ पडलं होतं, आणि वरंधा घाटाकडून वारा यायला लागला होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी पुढची एक लोंबी बोटांत धरून चाचपली. मग म्हणाले, "जावईबापू, ह्या दिसात भात वाजतं. दाना भरला का वाजतं. येतोय का आवाज?"

मी कान दिला. आयुष्यभर भात खाल्लं, पण ते वाजतं हे मला ठाऊक नव्हतं. आधी काहीच आलं नाही. मग वारा वरच्या कडेनं खाचरात शिरला, आणि आला.

"येतोय," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो.

"कसा?"

मी चित्रकलेचा मास्तर, रेघांवर पोट भरणारा. पण इथं शब्दच हवे होते. "कुणीतरी नवं कोरं लुगडं नेसून चाललंय तसा," मी म्हणालो. "लांबून आलं, आपल्यापाशी जरा थांबलं, आणि आता खाली उतरतंय."

आतोबांनी डोळे मिटले. "व्हय," ते म्हणाले. "तसाच. आनकी सांगा."

मी सांगत राहिलो.